चेहऱ्यावरील डाग आणि आपला निवाडा

वाचकहो, आपल्या मंडळीच्या गायनवृंदात कोण कोणत्या रांगेत उभे राहते, याकडे आपण कधी लक्ष दिले आहे काय? मी आयुष्यभर शिक्षकी केली. मुलांचे चेहरे वाचणे हा माझ्या कामाचाच भाग होता. तरीही माझ्या सख्ख्या भाचीने पहिली रांग सोडली, हे मला कळले नाही. ती इंदूरला राहते. आवाज गोड, सुरांची जाण आजीकडून आलेली. सतराव्या वर्षी ती पहिल्या रांगेतून तिसऱ्या रांगेत गेली, तिसऱ्या रांगेतून खांबाच्या आड गेली, आणि एका पावसाळ्यात उपासनेलाच येईनाशी झाली. बहिणीचा फोन आला, "दादा, तू येऊन तिला काही सांग. तुझे ती ऐकते."

मी गेलो. तिच्या दोन्ही गालांवर, हनुवटीवर आणि कपाळावर मुरूम उठले होते. त्यांना तारुण्यपीटिका हे कोवळे नाव द्यावे अशी ती पुरळ नव्हती. लाल, दुखऱ्या, पू धरलेल्या गाठी होत्या, आणि जुन्या गाठींच्या जागी काळे डाग व बारीक खड्डे राहिले होते. मी तिला जवळ बसवले आणि आपल्यापैकी कोणीही सांगितले असते तेच सांगितले. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी गेला, थोरल्या अलीयाबाची उंची व रूप पाहून भुलला, तेव्हा देवाने त्याला समजावले की आपण रूपावरून पारख करीत नाही, अंतःकरणावरून करतो. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मामा, ते मला ठाऊक आहे. पण रविवारी मंडळीत देव एकटाच बसलेला नसतो."

यावर मला काही बोलता आले नाही. रात्री मी तोच अध्याय पुन्हा उघडला, आणि इतकी वर्षे ज्यावरून माझी नजर घसरून जात होती ते वाक्य सापडले. रूप पाहू नकोस असे बजावून पाच वचनेही होत नाहीत तोच पवित्र लेखक आवर्जून सांगतो की दावीद तांबूस वर्णाचा होता, त्याचे डोळे सुरेख होते आणि तो दिसण्यास देखणा होता. रूप ही निवडीची कसोटी नाही, हे खरे. पण रूप पाहून आनंद होणे हेही त्या लेखकाला निषिद्ध वाटले नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू उपासासंबंधी बोलतो तेव्हा म्लान मुखाने वावरणाऱ्यांना तो दोष देतो, आणि आपल्या शिष्यांना तोंड धुण्यास व डोक्याला तेल लावण्यास सांगतो. चेहरा कसाही ठेवला तरी चालेल, असे तो म्हणत नाही.

तेव्हा वाचकहो, प्रश्न असा आहे. चेहऱ्यावरील मुरूम व त्यांचे वण घालविण्यासाठी औषधे घ्यावीत, आम्लाचे लेप लावावेत, लेझरचे उपचार करावेत, त्यापायी घरातील पैसा खर्चावा, हे सारे देहाचे चोचले आहेत की रोगनिवारण आहे? आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

प्रथम रोगाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या घरांतून त्याविषयी फार अन्याय बोलला जातो. वयात येताना शरीरातील काही संप्रेरके वाढतात. त्यांच्यामुळे केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी अधिक तेल पाझरू लागतात. मृत पेशींमुळे रंध्राचे तोंड बुजते, आत साचलेल्या तेलात एक जिवाणू वाढतो, आणि शरीर त्याच्याशी झगडू लागले की सूज व पू येतो. काही मुरुमांवर दिसणारी काळी टोके म्हणजे मळ नव्हे. त्वचेतील रंगद्रव्याचा व हवेशी आलेल्या संबंधाचा तो परिणाम असतो, म्हणून साबणाने कितीही घासले तरी तो जात नाही, उलट त्वचा अधिक चिडते. पुष्कळांना हे सौम्य प्रमाणात होऊन जाते, काहींना मात्र खोल गाठी येतात आणि जन्माचे खड्डे पडतात. आईवडिलांना असा त्रास झाला असेल तर मुलांना होण्याचा संभव अधिक. यात कोठेही त्या मुलीच्या चारित्र्याचा, विचारांचा किंवा स्वच्छतेचा संबंध येत नाही. तरीही आपण काय म्हणतो? "चेहरा धूत नाहीस." "मनात नको ते विचार येत असतील." "सारखी आरशासमोर असतेस म्हणून." ईयोबाच्या अंगभर फोड उठले तेव्हा त्याचे मित्र सात दिवस काही न बोलता त्याच्यापाशी बसले. ते तसेच बसून राहिले असते तर त्यांचे नाव आज आदराने घेतले गेले असते.

मी स्वतः पूर्वी एक कसोटी वापरीत असे, आणि ती मला फार चोख वाटे. एखाद्या निर्जन बेटावर तू एकटाच असशील, तर हा उपचार तुला हवासा वाटेल काय? वाटेल, तर ती व्याधी. न वाटेल, तर ती व्यर्थता. दुखणारा दात बेटावरही दुखेल, गालावरचा खड्डा मात्र तेथे कोण पाहणार? भाचीच्या उत्तराने ही कसोटी मोडली. ती का मोडली हे मला समजले ते वेल्लोरच्या एका डॉक्टरांमुळे.

डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल. १९१४ साली तमिळनाडूत मिशनरी आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म झाला, आणि १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. कुष्ठरोगाने आखडलेली बोटे शस्त्रक्रियेने पुन्हा चालती करण्याचे त्यांचे कार्य जगप्रसिद्ध आहे. पण हात बरे झालेले रुग्ण गावी परतले तरी त्यांना कोणी काम देईना. कारण हात बरा झाला तरी चेहरा तोच होता. भुवया झडलेल्या, नाक बसलेले. रोग पूर्ण बरा होऊनही लोक त्या चेहऱ्यावरून रोगच वाचत. तेव्हा या शल्यविशारदांनी भुवया बसविण्याचे व नाक उभे करण्याचे काम हाती घेतले. डोक्याच्या केसाळ त्वचेचा तुकडा कपाळावर आणून त्यांनी भुवया तयार केल्या. ते केस डोक्याचेच असल्यामुळे वाढतच राहत, आणि भुवया अधूनमधून कातराव्या लागत. निर्जन बेटावर भुवयांचा काय उपयोग? काहीच नाही. परंतु त्या भुवयांवाचून त्या मनुष्याला गावात भाकरी मिळत नव्हती. माझ्या कसोटीने डॉ. ब्रँड यांचे ते काम व्यर्थ ठरले असते, आणि जी कसोटी असा निकाल देते ती कसोटीच खोटी.

आपल्या महाराष्ट्रातील एक जुनी हकीकतही येथे आठवते. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून त्याला नवे नाक करून दिले. १७९४ सालच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हा वृत्तांत छापून आला, आणि युरोपातील शल्यविशारद त्यातून ही विद्या शिकले. तुटलेला हात कोणी जोडून देऊ शकत नव्हते, पण नाक देता आले, तर ते दिले. मनुष्य बेटावर राहत नाही. त्याला चेहऱ्यानेच माणसांत यावे लागते, आणि तो मार्ग बंद झाला तर ती पीडाच होय.

येथवर आलो आणि मला वाटले, प्रश्न सुटला. मी बहिणीला म्हटले, "कर उपचार, पैशाचे पाहू." पण उपचार करण्याआधी काय झाले होते, ते तिने तेव्हा मला सांगितले.

शेजारच्या एका बाईंनी प्रेमाने एक ट्यूब आणून दिली होती. औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळाली. पहिल्या पंधरवड्यात चमत्कार झाला. मुरूम बसले, त्वचा नितळ झाली, इतकेच नव्हे तर चेहरा उजळला. घरात आनंद झाला, आणि खरे सांगायचे तर तो आनंद मुरूम गेल्याचा कमी आणि मुलगी उजळल्याचा अधिक होता. तीन महिन्यांनी ट्यूब थांबवताच चेहरा लालबुंद झाला, उन्हात आग होऊ लागली, गालांवर लव वाढली आणि मुरूम दुपटीने परत आले. त्या ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड होते. ही गोष्ट आपल्या देशात इतक्या घरांतून घडली आहे की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा अशी या अवस्थेची स्वतंत्र नोंद केली. त्यांच्या संघटनेने पाठपुरावा केला, आणि २०१८ साली शासनाने अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. नियम झाला, तरी शेजारच्या बाईंना ती ट्यूब मिळालीच.

मुरुमांवर इलाज शोधता शोधता आपण गोरेपणाच्या दुकानात केव्हा शिरतो, हे आपल्यालाही कळत नाही. गोरेपणाचे आश्वासन देणारे एक सुप्रसिद्ध मलम या देशात १९७५ पासून विकले जात होते, आणि २०२० साली त्याच्या नावातून तो शब्द काढण्यात आला. शब्द काढला म्हणून लग्नाच्या बाजारातून तो गेला असे नाही. आपल्या ख्रिस्ती साप्ताहिकांतील विवाहविषयक जाहिराती मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. त्यांतून 'गोरी' हा शब्द किती वेळा आढळतो, हे वाचकांनीच आठवून पाहावे. मुरुमांचा वण हा देहाला झालेल्या इजेची खूण आहे, आणि इजा भरून काढणे हे वैद्याचे कामच आहे. सावळा वर्ण मात्र इजा नव्हे. त्यावर इलाज करणारा मनुष्य निरोगी अवयवावर इलाज करीत असतो. ही सीमारेषा प्रत्येक ठिकाणी इतकी स्पष्ट राहील असा माझा दावा नाही. वयोमानाच्या सुरकुत्यांचे काय, असे कोणी विचारले तर मला लगेच उत्तर देता येणार नाही. पण येथे ती मला स्पष्ट दिसते.

लेझरची गोष्टही येथेच येते, आणि तिच्यात आपल्या वर्णाचा प्रश्न फार वेगळ्या रीतीने उभा राहतो. १९६० साली पहिला लेझर तयार झाला, आणि थोड्याच वर्षांत तो त्वचेवर वापरून पाहण्यात आला. १९८३ मध्ये अँडरसन व पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी त्यामागील तत्त्व मांडले. प्रकाशाची तरंगलांबी व त्याच्या झोताचा काळ नेमका निवडला, तर तो प्रकाश त्वचेतील एकाच प्रकारचे द्रव्य शोषून घेते आणि शेजारचा भाग सुरक्षित राहतो. २००४ मध्ये त्याची आणखी एक पद्धत पुढे आली. सबंध त्वचा न भाजता तिच्यात अतिसूक्ष्म अंतराअंतराने छिद्रांसारख्या जखमा करायच्या, म्हणजे मधल्या निरोगी त्वचेच्या आधाराने त्या लवकर भरतात आणि भरताना खड्डे काहीसे वर येतात. खड्डे पूर्ण जात नाहीत. जातील असे सांगणारा डॉक्टर असो की पार्लरवाला, त्याच्यापासून दूर राहावे. २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने थेट तैलग्रंथींनाच तापविणाऱ्या एका लेझरलाही मान्यता दिली आहे. परंतु आपल्या सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य अनेक लेझरचा प्रकाश मध्येच पिऊन टाकते, आणि हात सराईत नसेल तर वण जाण्याऐवजी नवे काळे डाग पडतात. म्हणून जाणते डॉक्टर आधी लहानशा जागेवर चाचणी घेतात, शक्ती कमी ठेवतात, आणि नवे मुरूम येणे थांबल्यावाचून वणांना हात लावीत नाहीत.

भाचीला अखेर अशाच एका त्वचारोगतज्ज्ञ बाई भेटल्या. त्यांनी घाई केली नाही. लेवीयाच्या तेराव्या अध्यायात याजक डाग पाहून सात दिवस थांबतो, पुन्हा पाहतो, आणि डाग पसरला नसेल तर मनुष्य शुद्ध आहे असे जाहीर करतो, त्याची मला आठवण झाली. त्यांनी आधी स्टेरॉइडचा परिणाम ओसरू दिला. मग आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या सुरू केल्या. हे औषध १९८२ पासून वापरात आहे आणि खोल गाठींवर त्याच्यासारखे गुणकारी औषध क्वचितच. पण गर्भावर त्याचा भयंकर परिणाम होतो. गोळ्या चालू असताना आणि थांबविल्यानंतर एक महिनाभर गर्भ राहता कामा नये. डॉक्टरीण बाईंनी हे सांगून काही प्रश्न विचारले, तेव्हा माझी बहीण संतापली. "माझी मुलगी तशी नाही," ती म्हणाली. वाचकांतील मातांना मी येथे विनंती करतो, असा प्रश्न विचारला गेला तर अपमान मानू नका. तो प्रत्येकीला विचारलाच पाहिजे.

गोळ्या संपल्यावर मुरूम पुन्हा उठू नयेत म्हणून रात्री लावण्यासाठी ट्रेटिनॉइनचे मलम मिळाले. आणि त्या मलमानेच मला अशा ठिकाणी नेले, जेथून मी अजून पुरता परत आलेलो नाही.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. १९५१ पासून १९७४ पर्यंत तेथील कैद्यांच्या त्वचेवर प्रयोग चालले. प्रमुख होते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अल्बर्ट क्लिगमन. कैदी बहुसंख्येने कृष्णवर्णीय. त्यांतील अनेकांवरील खटल्यांचा निकालही लागलेला नव्हता, जामिनाला पैसे नाहीत म्हणून ते आत होते. थोडक्या डॉलरांसाठी त्यांनी आपली पाठ व हात पुढे केले. त्यांच्यावर प्रसाधने, औषधे, इतकेच नव्हे तर डायॉक्सिनसारखे विषही लावून पाहण्यात आले. काय लावले जात आहे हे त्यांना धडपणे सांगितले गेले नाही. ट्रेटिनॉइनच्या चाचण्याही तेथे झाल्या. १९७१ मध्ये ते औषध मुरुमांसाठी बाजारात आले आणि जगभर पसरले. कैद्यांच्या पाठींवर मात्र वण राहिले. २००० साली सुमारे तीनशे माजी कैद्यांनी दावा लावला. मुदत उलटली या कारणाने तो फेटाळला गेला. विद्यापीठाने क्षमा मागितली ती २०२१ मध्ये आणि शहराने २०२२ मध्ये. डॉ. क्लिगमन २०१० सालीच वारले होते.

एका मुलीच्या चेहऱ्यावरचे डाग नाहीसे व्हावेत म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर डाग उमटले, हे कळल्यावर आपण काय करावे? शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दाविदाची एक कथा आहे. त्याला बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी प्यावेसे वाटले. तीन वीर शत्रूच्या छावणीतून वाट काढीत गेले आणि जिवावर उदार होऊन पाणी घेऊन आले. दाविदाने ते प्यायले नाही. त्या पाण्यात त्या माणसांचे रक्त आहे असे मानून त्याने ते परमेश्वरापुढे ओतून टाकले. मग आम्हीही ती ट्यूब ओतून टाकावी काय?

मी पुष्कळ विचार केला. दाविदाची तहान ही इच्छा होती, भाचीचे दुखणे हे दुखणे होते. शिवाय ते वीर प्रेमाने, स्वेच्छेने गेले होते, त्यांच्या दानाला ओतून देण्यानेही मान मिळाला. होम्सबर्गच्या माणसांनी दान केलेच नव्हते, त्यांच्याकडून ते काढून घेतले गेले. मलम फेकल्याने त्यांच्या पाठीवरचा एकही वण भरून येणार नाही, आणि भाचीच्या गालावर मात्र नवे पडतील. तेव्हा मलम वापरावे, असे माझे मत झाले. पण निदान एका गोष्टीत दाविदाचे अनुकरण करता येते. पेल्यात काय आहे, हे त्याला ठाऊक होते. आपण बरे झाल्याची साक्ष मंडळीत उभे राहून देतो, डॉक्टरांचे व औषधाचे आभार मानतो. त्या साक्षीत या माणसांचा उल्लेख कोणी केल्याचे मी ऐकले नाही. मी भाचीला ही हकीकत सांगावी की नाही, याबद्दल बहीण व मी यांच्यात मतभेद होता. तिला वाटे, पोरीच्या मनावर आणखी एक ओझे कशाला? मी सांगितली. भाचीने बराच वेळ ट्यूब हातात धरून ठेवली. मग विचारले, "त्यांच्यापैकी कोणी अजून जिवंत आहेत का, मामा?" काही जण शहराने क्षमा मागितली तेव्हा हयात होते, असे मी म्हणालो. ती त्या रात्रीही मलम लावून झोपली.

राहिला प्रश्न खर्चाचा. लेझरच्या एका बैठकीला हजारो रुपये लागतात आणि बैठका अनेक कराव्या लागतात. बहिणीने आमच्या आईची एक सोन्याची बांगडी मोडायचे मनात आणले होते. मी प्रथम विरोध केला. नंतर माझ्या लक्षात आले की तिच्या धाकट्या मुलाला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची गरज पडली असती, तर मी एक शब्दही बोललो नसतो. मग या खर्चाला मी का आडवा येतो? कारण मला अजूनही आत कोठेतरी वाटत होते की मुलीने सोसावे. आणि दुसरी एक गोष्ट. भाची ज्या नजरांमुळे खांबाआड गेली त्या नजरा तिच्या नव्हत्या, आपल्या मंडळीच्या होत्या. आपल्या नजरेने केलेल्या जखमेचे शुल्क तिच्या आजीच्या बांगडीने भरावे, यात न्याय नाही. मंडळीने आधी सुधारावे, हे बोलायला ठीक. पण मंडळी सुधारेपर्यंत त्या मुलीचे सतरावे वर्ष थांबून राहत नाही.

गेल्या नाताळात मी इंदूरला होतो. भाची गायनवृंदात दुसऱ्या रांगेत उभी होती. नवे मुरूम थांबले आहेत, खड्डे आहेत. उपासनेनंतर एका वयस्कर बाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, "आता बरी दिसतेस हो. जरा हळद लावत जा, रंगही उघडेल." भाचीने त्यांचा हात हलकेच बाजूला केला आणि त्यांना विचारले, "आजी, गाणे कसे झाले?" बाईंना ते काही आठवेना.

बांगडी अजून कपाटातच आहे. डॉक्टरीण बाईंनी जबड्याच्या कडेला लेझरची लहानशी चाचणी घेण्यासाठी तारीख दिली आहे. पुढे बैठका घ्यायच्या की नाहीत हे त्यानंतर भाची ठरवील. तिने मला बरोबर येण्यास सांगितले आहे, आणि मी जाणार आहे.